नागपूरच्या सदरमधील ‘येशूचे देवत्व’ हा मराठी अभ्यासवर्ग : अनुभव आणि अभिप्राय

नागपुरात ख्रिस्ती धर्मशास्त्र मराठीतून, आणि तेही नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसाला जमेल अशा वेळेत शिकवणारा वर्ग मिळणे सोपे नाही. ज्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे सेमिनरी हिल्सला ते नाव पडले, तिथे धर्मगुरू घडतात. तो अनेक वर्षांचा पूर्णवेळ अभ्यास आहे. रविवारच्या प्रवचनात एखादे वचन उलगडून सांगता येते, पण त्या वचनाभोवती शतकानुशतके झालेला विचार मांडायला तिथे सवड नसते. नागपूरच्याच ‘सदर’ या वस्तीतील एका चर्चच्या सभागृहात शनिवारी संध्याकाळी दीड तास भरणारा ‘येशूचे देवत्व’ हा अभ्यासवर्ग ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो. मी तो नुकताच पूर्ण केला. वर्गात दोष आहेत आणि ते पुढे सविस्तर लिहिले आहेत. तरीही ‘तुम्ही येशूला देव मानता की देवाचा पुत्र?’ या कचेरीत, शेजारात, प्रवासात हमखास विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना ज्याला अडखळायला होते, त्या प्रत्येक मराठी ख्रिस्ती माणसाने हा वर्ग जरूर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्गाची सगळ्यात जमेची बाजू म्हणजे त्याची सुरुवात. या विषयाची मांडणी सहसा इ. स. ३२५ च्या नायसिया धर्मसभेपासून केली जाते आणि त्यामुळे ऐकणाऱ्याचा असा ग्रह होतो की, येशूच्या देवत्वाचा निर्णय बिशपांनी एका बैठकीत घेतला आणि मग तो मंडळीवर लादला गेला. इथे वर्ग घेणारे पाळकसाहेब सुरुवातीच्या सत्रांत नायसियाचे नावही काढत नाहीत. ते मार्ककृत शुभवर्तमान उघडायला सांगतात, कारण चार शुभवर्तमानांपैकी ते सर्वांत आधी लिहिले गेले असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि योहानाच्या आरंभी आहे तशी ‘प्रारंभी शब्द होता, आणि शब्द देवासह होता, आणि शब्द देव होता’ ही उघड घोषणा त्यात नाही. जिथे घोषणा नाही तिथे देवत्वाचा विचार आहे की नाही, हे तपासायला लावण्यात या शिक्षकाची सचोटी दिसते.

दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघे जण छप्पर उसकटून खाली सोडतात. त्याला बरे करावे एवढीच त्यांची अपेक्षा असते, पण येशू आधी त्याच्या पापांची क्षमा जाहीर करतो. तिथे बसलेल्या यहूदी शास्त्र्यांच्या मनात येते की, एकट्या देवावाचून पापांची क्षमा करण्यास कोण समर्थ आहे? पाळकसाहेबांनी इथे एक गोष्ट ठळकपणे निदर्शनास आणून दिली : शास्त्र्यांचा सिद्धान्त चुकीचा नाही आणि येशूही तो खोडून काढत नाही. क्षमा देवच करतो हे मान्य ठेवूनच तो त्या माणसाला उठून बाज उचलायला सांगतो. ज्या क्षमेसाठी यरुशलेमच्या मंदिरात जायचे, याजकाच्या हातून अर्पण करायचे, ती क्षमा तो कफर्णहूमातल्या एका घरात, मातीची ढेकळे खाली पडत असताना, स्वतःच्या अधिकाराने देतो. शास्त्र्यांना जे दुर्भाषण (देवनिंदा) वाटले त्याचा अर्थ त्यांना बरोबर कळला होता. प्रश्न एवढाच की ते दुर्भाषण होते की सत्य.

चौथ्या अध्यायातील वादळाच्या प्रसंगावर तर जवळजवळ अख्खे सत्र गेले आणि ते या वर्गातले सर्वोत्तम सत्र होते. तारू पाण्याने भरू लागले आहे आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोके ठेवून झोपला आहे. ही उशी फक्त मार्क सांगतो. मत्तय आणि लूक तीच गोष्ट सांगताना तिचा उल्लेख करत नाहीत. दिवसभर बोलून थकलेल्या माणसाची ती गाढ झोप आहे. तोच माणूस उठतो, वाऱ्याला धमकावतो, समुद्राला गप्प राहायला सांगतो, आणि सारे निवांत होते. एकशे सातव्या स्तोत्रात वादळ शमवून लाटा शांत करणारा परमेश्वर आहे, आणि ते स्तोत्र यहूदी शिष्यांच्या कानावर लहानपणापासून पडलेले असणार. म्हणूनच वादळ थांबल्यावर त्यांची भीती ओसरत नाही, उलट वाढते, आणि ते एकमेकांना विचारतात की, हा आहे तरी कोण? उशीवर झोपणारा आणि समुद्राला आज्ञा करणारा असे दोघे जण त्या तारवात नव्हते, एकच होता. ख्रिस्ती धर्मशास्त्राने पुढची चार शतके ज्या प्रश्नाशी झुंज घेतली तो प्रश्न मार्कने इतक्या थोड्या ओळींत मांडून ठेवला आहे, हे मला या वर्गात नव्याने दिसले.

यानंतर पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय घेतला गेला. येशूच्या मृत्यूनंतर साधारण तीस वर्षांच्या आत लिहिलेल्या या पत्रात, येशूच्या नावाने प्रत्येक गुडघा टेकला जावा आणि प्रत्येक जिभेने तो प्रभू आहे असे कबूल करावे, अशी ओळ येते. ही भाषा यशया संदेष्ट्याच्या पंचेचाळिसाव्या अध्यायातून घेतलेली आहे, आणि जुन्या करारात ‘मीच देव आहे, दुसरा कोणी नाही’ हे सर्वांत निक्षून सांगणाऱ्या भागांपैकी तो एक आहे. एकेश्वरवादी परुशी (कर्मठ यहूदी) म्हणून वाढलेल्या पौलाने तो भाग येशूला लावावा, आणि असे करताना आपण दुसरा देव उभा करत आहोत असे त्याला तिळमात्र वाटू नये, याचे स्पष्टीकरण ज्याला-त्याला द्यावे लागेल, असे पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी ते आमच्यावर सोडले.

अरियसाला या वर्गात मिळणारी वागणूक हे मला हा वर्ग आवडण्याचे दुसरे मोठे कारण आहे. येशूचे पूर्ण देवत्व नाकारणारा, नायसियाच्या काळचा अलेक्झांड्रियातील हा धर्मगुरू सहसा खलपुरुष म्हणून रंगवला जातो. इथे त्याचे म्हणणे इतक्या समर्थपणे मांडले गेले की, त्या संध्याकाळी वर्गातील काही जण अस्वस्थ होऊनच घरी गेले. देव एक आहे, अनादी आहे, अविकारी आहे. मग ज्याला भूक लागते, जो रडतो, जो मरतो, तो त्याच अर्थाने देव कसा असेल? ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ असे येशू स्वतः योहानाच्या चौदाव्या अध्यायात म्हणतो. कलस्सैकरांस पत्रात त्याला सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ म्हटले आहे. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायातील ज्ञान म्हणते की, परमेश्वराने आपल्या कार्याच्या आरंभी मला घडवले. या वचनांवरून अरियसाने निष्कर्ष काढला की पुत्र ही देवाची पहिली आणि सर्वश्रेष्ठ निर्मिती आहे, आणि तो नव्हता असाही एक काळ होता. अरियस येशूला केवळ माणूस मानत नव्हता, हे इथे नीट समजावून दिले जाते. तो येशूला देवदूतांहून श्रेष्ठ, सृष्टीच्या आधीचा, पूजनीय मानत होता. वाद होता तो एवढाच की ही श्रेष्ठता निर्मात्याच्या बाजूची की निर्मितीच्या बाजूची, कारण मध्ये तिसरी जागा नाही.

याला दिलेले उत्तर अथनेशियसाच्या नावाने ओळखले जाते. तो पुढे अलेक्झांड्रियाचा बिशप झाला; नायसियाच्या वेळी मात्र आपल्या बिशपाबरोबर आलेला तरुण डीकन (साहाय्यक धर्मसेवक) होता. त्याचा युक्तिवाद तारणापासून सुरू होतो. मनुष्याचा बिघाड इतका खोल आहे की, त्याला देवाच्या जीवनात सहभागी करून घेणे देवालाच शक्य आहे. निर्माण झालेला कोणीही, कितीही थोर असला तरी, स्वतःच उसन्या अस्तित्वावर उभा असल्यामुळे दुसऱ्याला ते जीवन देऊ शकत नाही. शिवाय मंडळी पहिल्यापासून येशूची उपासना करत आली आहे. तो निर्मिती असेल तर ही उपासना मूर्तिपूजा ठरते आणि ती थांबवली पाहिजे. अरियसाचे अनुयायी ती थांबवायला तयार नव्हते. म्हणून नायसियाने पुत्राला पित्याशी ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकाच तत्त्वाचा, म्हटले आणि मतांगीकारात (विश्वासाच्या ठरलेल्या कबुलीत) ‘देवापासून देव, प्रकाशापासून प्रकाश, खऱ्या देवापासून खरा देव’ हे शब्द घातले. हे शब्द मी कळत्या वयापासून उपासनेत उच्चारत आले आहे. त्यातील प्रत्येक शब्द कोणत्या तरी पळवाटेला बंद करण्यासाठी निवडला आहे, हे समजल्यानंतर ते म्हणताना माझा आवाज आपोआप सावकाश होतो.

सम्राट कॉन्स्टंटाइनने मतदान घेऊन येशूला देव ठरवले, हा मजकूर मोबाइलवर अनेकदा फिरतो आणि आपल्या तरुण मुलांना तो खरा वाटतो. या वर्गाने त्याचा समाचार पुराव्यानिशी घेतला. नायसिया ज्या बिथुनिया प्रांतात होते, त्याच प्रांताचा सुभेदार प्लिनी याने दोनशे वर्षांहून आधी, सुमारे इ. स. ११२ मध्ये, सम्राट त्राजनला कळवले होते की, हे ख्रिस्ती लोक ठरावीक दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. पत्र लिहिणारा ख्रिस्ती नव्हता, उलट ख्रिस्ती लोकांना शिक्षा देणारा अधिकारी होता. इस्राएलमधील मगिद्दो येथे २००५ मध्ये उत्खननात सापडलेल्या तिसऱ्या शतकातील फरशीवर एका स्त्रीने ‘देव येशू ख्रिस्त’ याच्या स्मरणार्थ मेज अर्पण केल्याची नोंद आहे. सम्राटाच्या जबरदस्तीचे म्हणावे तर नायसियानंतरचा इतिहास नेमका उलट दिशेने गेला : कॉन्स्टंटाइननेच ३३५ मध्ये अथनेशियसाला हद्दपार केले, स्वतः मृत्यूपूर्वी अरियसाची बाजू घेणाऱ्या बिशपाकडून बाप्तिस्मा घेतला, आणि ही व पुढच्या सम्राटांच्या काळातील हद्दपारी धरून अथनेशियसाला एकूण पाच वेळा परागंदा व्हावे लागले. नायसियाचा सिद्धान्त टिकला तो राजसत्तेच्या बळावर नव्हे, पुष्कळदा तिला तोंड देऊन. हा भाग ऐकण्यासाठी प्रत्येकाने घरातील महाविद्यालयीन मुलांना बरोबर न्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

वर्ग सर्वांना खुला आहे आणि ही गोष्ट केवळ पत्रकापुरती नाही. आमच्याबरोबर एक बौद्ध गृहस्थ आणि वारकरी घराण्यातील एक शिक्षिका नियमित येत असत. त्या ताईंनी विचारले की, विष्णूचे अवतार आम्ही मानतो, मग येशूला आणखी एक अवतार मानायला आमची काहीच हरकत नाही. तुमचीच हरकत का? अशा वेळी काही जण चिडतात, काही जण गुळमुळीत होकार देतात. पाळकसाहेबांनी आधी त्यांच्या उदारतेचा मनापासून आदर केला आणि मग सांगितले की, ख्रिस्ती विश्वासानुसार देहधारण एकदाच घडले, पिलात नावाच्या सुभेदाराच्या काळात, तारीख-ठिकाण लावता येईल अशा जागी. आणि कार्य झाल्यावर पुत्राने तो मानवी देह बाजूला ठेवला नाही. पुनरुत्थित येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत आणि ते पाहूनच थोमा ‘माझ्या प्रभू, माझ्या देवा’ म्हणाला. आमच्या श्रद्धेनुसार देव आज, या क्षणीही, मनुष्य आहे. ताईंना हे पटले की नाही हा वेगळा प्रश्न, पण फरक नेमका कुठे आहे ते त्यांना आणि आम्हालाही स्वच्छ कळले. बौद्ध गृहस्थांच्या प्रश्नाला, म्हणजे दुःखाला अतीत असलेला देव दुःख भोगतो म्हणजे काय होते, याला मिळालेले उत्तर मात्र घाईचे होते. तो प्रश्न वर्गातील सर्वांत खोल प्रश्न होता आणि त्याला एक पूर्ण सत्र द्यायला हवे होते.

आता दोषांकडे वळते. वाटण्यात आलेल्या छापील टिपणांत आज आपण उपासनेत म्हणतो तो संपूर्ण मतांगीकार ‘नायसिया, ३२५’ या मथळ्याखाली दिला आहे. हे बरोबर नाही. ३२५ चा मजकूर पवित्र आत्म्याच्या उल्लेखाशी जवळजवळ संपतो आणि त्यानंतर अरियसाच्या मतांचा निषेध येतो. पवित्र आत्म्याविषयीचा विस्तार, एक पवित्र मंडळी, बाप्तिस्मा आणि मृतांचे पुनरुत्थान यांसह आज म्हटला जाणारा पाठ ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेशी जोडला जातो. तोंडी शिकवताना हा फरक सांगितला गेला, पण टिपणे घरी नेऊन वाचणाऱ्याची दिशाभूल होईल. पुढच्या तुकडीपूर्वी हे पान बदलावे.

मोठी तक्रार शेवटच्या सत्राची आहे. येशूचे देवत्व आणि मनुष्यत्व एकत्र कसे, यावरची ४३१ ची इफिसची धर्मसभा आणि ४५१ ची खल्केदोनची धर्मसभा एकाच संध्याकाळी उरकण्यात आली. येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, हे दोन स्वभाव एकाच व्यक्तीत आहेत, त्यांची मिसळ होत नाही, बदल होत नाही, विभागणी होत नाही आणि ताटातूटही होत नाही, हे खल्केदोनचे म्हणणे फळ्यावर लिहिले गेले आणि आम्ही ते उतरवून घेतले. परंतु हे चार नकार का लागले, हे समजायला वेळच उरला नाही. पुत्राचे मानवी मन मानले नाही तर आपले मन तारणाबाहेर राहते, हा चौथ्या शतकातील धर्मशास्त्री नाझियान्झच्या ग्रेगरीचा मुद्दा एका वाक्यात निघून गेला. ‘त्या घटकेविषयी पुत्रालाही ठाऊक नाही’ हे जगाच्या शेवटाबद्दलचे, मार्कच्या तेराव्या अध्यायातील वचन सुरुवातीला मोठ्या प्रामाणिकपणे फळ्यावर लिहिले होते आणि त्याचे उत्तर खल्केदोनच्या सत्रात मिळेल असे सांगितले होते. प्रत्यक्षात ‘मानवी स्वभावानुसार ठाऊक नाही’ एवढेच उत्तर मिळाले. हे उत्तर चुकीचे नाही, पण त्यातून लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो की, न जाणणारा तो आणि जाणणारा तो एकच कसा. त्या प्रश्नावर थांबायला हवे होते.

ही घाई मला विशेष खटकली, कारण या विषयाचे दोन्ही किनारे नागपूर जिल्ह्यातच आहेत. सेमिनरी हिल्सवरील कॅथलिक परंपरा आणि सदरमधील चर्च ऑफ नॉर्थ इंडिया खल्केदोन मानतात. कळमेश्वरकडे मूळच्या केरळच्या मलंकर ऑर्थोडॉक्स मंडळीची सेंट थॉमस सेमिनरी आहे, आणि ती परंपरा ४५१ ची धर्मसभा स्वीकारत नाही. पाचव्या शतकातील बिशप अलेक्झांड्रियाच्या सिरिलला अनुसरून ती देहधारी शब्दाचा एकच संयुक्त स्वभाव मानते, मात्र मनुष्यत्व देवत्वात विरघळले असे तीही म्हणत नाही. दीड हजार वर्षांच्या दुराव्यानंतर १९७३ मध्ये पोप सहावे पॉल आणि खल्केदोन न मानणाऱ्या इजिप्तमधील कॉप्टिक मंडळीचे पोप तिसरे शनूदा यांनी, आणि १९९० मध्ये कॅथलिक व मलंकर ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी, ख्रिस्ताविषयीचा आपला विश्वास मुळात एकच असल्याचे संयुक्तपणे मान्य केले. ज्या शहरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, त्या शहरात या विषयावर कळमेश्वरच्या एखाद्या अध्यापकांना एका संध्याकाळी बोलावणे अशक्य नसावे.

आणखी एक उणीव म्हणजे संपूर्ण वर्गात मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा उल्लेख नाही. गोव्यातील इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापले गेलेले ख्रिस्तपुराण ओवीबद्ध केले, तेव्हा देहधारणाचा सिद्धान्त मराठी श्रोत्यांपुढे मांडण्याची हीच अडचण त्यांच्यासमोर होती. कवी नारायण वामन टिळकांचा तर नागपूरशी थेट संबंध होता; नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांच्या हाती नवा करार आला आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अलेक्झांड्रिया आणि कॉन्स्टँटिनोपल आम्हाला कळले, हे चांगलेच झाले, पण आपल्या माणसांनी येशूला देव म्हणून कोणत्या शब्दांत आळवले, हेही कळायला हवे.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. शुल्क नाममात्र आहे आणि त्यात टिपणे व चहा येतो. गाडी लावायला आवारात जागा आहे. मेट्रोने येणाऱ्यांना कस्तुरचंद पार्क स्थानकावरून रिक्षा सहज मिळते. सभागृहात दोन मोठे कूलर आहेत आणि उन्हाळ्यात ते बंद ठेवणे शक्य नाही, परंतु त्यांच्या घरघरीत मागच्या तीन रांगांना काही ऐकू येत नाही. ध्वनिक्षेपक आहे, पण तो फक्त प्रश्नोत्तरांच्या वेळी लावतात. तो पूर्ण वेळ लावावा. वयस्कर मंडळींनी पुढच्या खुर्च्या धराव्यात. लहान मुलांसाठी हा वर्ग नाही. दहावीच्या पुढच्या मुलांना झेपेल. पूर्वज्ञान लागत नाही, मात्र पवित्र शास्त्राची स्वतःची प्रत आणणे आवश्यक आहे, कारण प्रत्येक मुद्दा वचन उघडूनच मांडला जातो आणि मोबाइलवर शोधत बसणारे मागे पडतात. पुढची तुकडी पावसाळ्यानंतर सुरू होणार असून नावनोंदणी रविवारच्या मराठी उपासनेनंतर चर्चच्या कार्यालयात होते. इफिस आणि खल्केदोन यांना वेगवेगळी सत्रे द्यावीत, अशी लेखी विनंती आम्ही काही जणांनी कार्यालयात दिली आहे; नव्याने नाव घालणाऱ्यांनीही ती करावी.